मिहीच्या नाकातली नळी

३ जाने., शनि.
काल सुरतच्या हॉस्पिटलमधून पुरुषोत्तमनगरला, कारखान्याच्या कॉलनीत परत आलो. मिहीच्या मेंदूज्वराला सव्वा महिना झाला. मिहीला घरी आणलं म्हणजे ती बरी झाली, असं कॉलनीत वाटतंय. एकीने फुगा आणला. मिही छताकडे बघत होती. बघत होती असं आपण म्हणायचं. पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल.

५ जाने., सोम.
दर तीन तासांनी नळीतून दूध नाहीतर मुगाचं पाणी, कापडातून गाळून. आधी सिरिंजने ओढून बघायचं, नळी पोटातच आहे ना. नंतर अर्धा तास उभं धरायचं. आज नाकाखालची चिकटपट्टी काढताना कातडी निघाली. रडली नाही. रडायला हवी होती.
दु. साखर कारखान्याचा भोंगा झाला. पूर्वी ‘भों’ करत दाराकडे पळायची. आज पापणीसुद्धा...
प्रशांत कारखान्यात डबल ड्यूटीवर. म्हणतो, गाळपाचा सीझन आहे. रजा मागितलीच नाहीये त्याने, मला माहीत आहे. लेकीकडे बघत घरात थांबवत नाही त्याला.

८ जाने., गुरु.
सासूबाई म्हणाल्या, “पोरनी जिभले चव तं लागू दे.”
“आई, एक थेंबही नाही. तिला गिळता येत नाही. फुप्फुसात जाईल.”
फार तोडून बोलले का?

१२ जाने., सोम.
आंघोळ करून बाहेर आले तर मिही आईंच्या मांडीवर. आईंच्या हातात खिरीची वाटी. मिहीच्या ओठांवर खीर. मी किंचाळले.
आई म्हणाल्या, “तीन दिनपाईन दी ऱ्हायनू. गिळस ती. काल हसनी.”
तीन दिवस भरवताहेत. आणि हसली? माझ्याकडे बघून एकदाही नाही. रागाच्या आधी हेच मनात आलं. लिहितानाही लाज वाटते.

१४ जाने., बुध.
ताप १०३. छातीत घरघर. नंदुरबारला नेलं. उजव्या बाजूला न्यूमोनिया. ॲडमिट.

२० जाने., मंगळ.
घरी. डॉ. म्हणाले, “पुन्हा असं झालं तर तिला झेपणार नाही.” मी हसण्याचं विचारलं. “स्नायू आखडल्यावरही तसं दिसतं. हसूही असू शकतं.” असू शकतं. नक्की सांगितलं नाही. नंदुरबारहून येताना शहाद्यापर्यंत तेवढंच धरून बसले. घरी पोचेपर्यंत तेही सुटलं.
आई तिला हात लावत नाहीत. दारातून बघतात. ताटात भाकरी तशीच.

२३ जाने., शुक्र.
माझी रजा संपली. मंगळवारी शाळेत शिकवायला हजर व्हायचं. प्रशांतला विचारलं, मिहीपाशी कोण? “आईशिवाय कोण आहे?” म्हणाला.

२५ जाने., रवि.
सकाळी मिहीला उचलून आईंकडे नेलं.
“मन्हा हातमा नको दिऊ तिले.”
“धरा, आई. मी आहे इथेच.”
धरलं. सिरिंज दिली. मी त्यांच्या मनगटाखाली माझा हात ठेवला. दूध हळूहळू उतरलं. एक थेंब सांडला नाही. मिहीचा चेहरा तसाच.
आईंनी रिकामी सिरिंज बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “पोट तं भरनं. पन खादं, हाई तिले कळनं का?”
खाल्लं हे कळलं का, ते मिहीच्या चेहऱ्यावर शोधत मी तिला अर्धा तास उभं धरलं.
आत्ता संध्याकाळचे सहा. मिहीचं अंग पुन्हा कोमट लागतंय. थर्मामीटर टेबलावर आहे. अजून लावला नाही.