रुसायच्या जागेचं माप

१९ ऑक्टोबर

प्रिय वात्रटबाई,

इतके महिने पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. दोनदा लिहायला बसले, पण ‘कशी आहेस’च्या पुढे जे सुचलं ते सगळं मलाच औपचारिक वाटलं आणि कागद बाजूला पडला. आज मात्र सांगण्यासारखं घडलं आहे.

तू गेल्यावर साहेबांनी तुझं वृद्धनिवासाच्या नव्या इमारतीचं काम माझ्या गळ्यात घातलं. ऑफिसात सध्या मोठं काम तेवढंच. ते हातचं गेलं तर आम्ही सगळे घरी, हे साहेब बोलत नाहीत, पण चहाबरोबरची बिस्किटं बंद झाली त्यावरून आम्ही ओळखलं. सोमवारी तिथल्या रहिवाशांच्या समितीपुढे नकाशे मांडायचे होते. आधी साहेब म्हणाले, खोल्यांची नावं बघवत नाहीत, एक मोठं, एक बारीक, एक भिंतीवर चढलेलं. सगळी एकसारखी करून टाका. आता हे मला सांगायचं म्हणजे! मी सगळ्यांना एक फॉन्ट दिला, एक आकार दिला, प्रत्येक नाव खोलीच्या मधोमध आणलं, खाली क्षेत्रफळ घातलं. बाथरूमचं नाव बाथरूमपेक्षा मोठं होत होतं, ते बाहेर काढून बाणानं जोडलं. शेवटी संगणकावर सगळी नावं एकदम निवडली आणि ‘दाखवा’ या सदराखालच्या प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण केली. काही चौकोन भरलेले आणि काही रिकामे, हे मला सोसत नाही.

तू प्रत्येक खोलीच्या सरकारी नावाखाली आपलं एक नाव लपवून ठेवायचीस, छापताना न दिसणारं. मला वाटलं होतं, जाताना पुसली असशील.

सोमवारी समितीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी चष्मा चढवला आणि त्या हजेरी घ्यावी तशा आवाजात नकाशा वाचायला लागल्या. बैठकीची खोली, आणि खाली, सुनांचा हिशोब. वाचनालय, पेपर तोंडावर घेऊन झोपणे. तपासणी कक्ष, माझं दुखणं तुझ्यापेक्षा मोठं. सगळं मधोमध, एका आकारात, सुबक. आयुष्यात इतकं नीटनेटकं काम माझ्या हातून झालं नव्हतं. साहेबांचा चेहरा ट्रेसिंग पेपरसारखा झाला. मी लगेच सांगून टाकलं की ही नावं माझी नाहीत, आधीच्या सहकारी बाईंची आहेत. हे मी प्रामाणिकपणे सांगितलं की अंगावरचं झटकायला, ते अजून ठरत नाही.

मग मुख्याध्यापिकाबाई जिन्याजवळच्या कोपऱ्यावर थांबल्या. वर ‘भांडार’, खाली ‘रुसून बसायची जागा’. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

“ही एवढीशी का?” त्या म्हणाल्या.

शेजारचे निवृत्त न्यायाधीश म्हणाले, मलाही एक लागेल आणि ती वेगळी हवी, बाईंच्यात मी बसणार नाही. तिथून जे सुरू झालं ते चहा येऊन गार झाला तरी संपेना. न्यायाधीशांना दाराला काच हवी, कारण कुणाला दिसलंच नाही तर रुसून उपयोग काय. बाईंना खिडकी बागेकडे हवी आणि खुर्ची एकच, दुसरी ठेवली की कुणीतरी समजूत घालायला येऊन बसतं. इतक्या वर्षांत आपल्याला कुणी हे विचारलंच नाही, असंही त्या बोलून गेल्या. आणि साहेब खाली मान घालून हे सगळं लिहून घेत होते. तेच साहेब, जे तुला सगळ्यांदेखत म्हणाले होते की चेष्टेनं इमारती उभ्या राहत नाहीत, आणि तू पर्स उचलून निघून गेलीस.

उठताना बाईंनी निकाल दिला: “जिनं ही नावं ठेवली, तिनं इथं येऊन एक दिवस आमच्यात राहावं. तोवर सही नाही.”

तेव्हापासून साहेब रोज माझ्यापाशी येतात, तुझी तब्येत विचारतात, तुझ्या आईचा गुडघा विचारतात आणि परत जातात. आज म्हणाले, तुम्ही आपलं सहज लिहून बघा, माझं नाव मध्ये नको. तर त्यांचं नाव मध्ये नाही असं समज. माफी त्यांना मागता येणार नाही, पण गुडघ्याची चौकशी हीच त्यांची माफी, असं मला वाटतं. पत्र ऑफिससाठी लिहिते आहे की माझ्यासाठी, हेही मी तपासून पाहिलं. नोकरीची काळजी आहेच, खोटं कशाला बोलू. पण तू गेल्यापासून माझ्या नकाशात एक चूक निघत नाही आणि माझ्या खांद्यावरून वाकून कुणी हसत नाही. समितीसाठी एक दिवस ये. मग राहा. खिडकीजवळच्या तुझ्या टेबलावर सध्या आम्ही कागदाचे रोल रचून ठेवलेत, तेवढंच.

तुझीच,
फूटपट्टी

उद्याचं काम : रोल उचलून टेबल पुसणे.