दरवाजे बंद ठेवा, भाऊजी

३ सप्टेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरीचं लग्न बारा तारखेला ठरलं! जावई महिनाअखेर जहाजावर जाणार, म्हणून ही घाई. आमच्या शिवणाच्या दुकानात माणसं कुठली मावायला? नदीकाठच्या कुरणावर मांडव घालतोय. पत्रिकाही वाटून झाल्या. भाऊजींना एवढंच सांग, त्या दिवशी धरणाचे दरवाजे बंद ठेवा. शंभरी गाठलेलं धरण, एक दिवस कळ काढेल की! मेहुणा दरवाज्यांवर असून उपयोग काय?

तुझी लाडकी,
धाकटी

५ सप्टेंबर
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हे हसले. म्हणाले, धरण काठोकाठ भरलंय. पाणी वाढलं की भोंगा द्यायचा आणि दरवाजे उचलायचे. पाण्याला मेहुणी कळत नाही. अगं, तारीख ठरवताना अख्ख्या गावाला विचारलंस, धरणाला तेवढं विसरलीस! ह्यांनी साहेबांना गळ घालून जुन्या वीजघराचं दालन मागून घेतलंय. आजोबांच्या वेळची यंत्रं तिथं अजून फिरतात, तुझी शिलाई मशिनं त्यांच्याच विजेवर चालतात. आवाज होईल थोडा, पण तुझ्या विहीणबाईंपेक्षा कमीच.

तुझी,
ताई

८ सप्टेंबर
ती. ताईस,
सा. न.

वीजघरात लग्न! लोक काय म्हणतील? पोरगी मात्र टाळ्या पिटतेय. येतो आम्ही, इलाज नाही. पण भाऊजींशी मी बोलणार नाही, सांगून ठेव.

धाकटी

१४ सप्टेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल कुरणावर जाऊन आले. नुसता चिखल. परवा पाणी छातीपर्यंत चढलं होतं म्हणे, ऐन जेवणाच्या वेळी. आमची सगळी माणसं तिथंच जेवायला बसली असती. ताई, तिथूनच मी धरणाकडे बघून हात जोडले गं.

आणि वर वीजघरात काय थाट, तू पाहिलासच! विहीणबाई यंत्रापुढून हलेनात, म्हणे अजून एक फोटो काढा. भाऊजी तेवढे दरवाज्यांवर अडकले, लग्नाचा घास मिळाला नाही त्यांना. पोरगी नवऱ्याला घेऊन भिजत वर गेली, त्यांच्या पाया पडून आली. मी मेली खालीच बसले, ताठ्यात.

भाऊजींना सांग, मी चुकले. नको, तू काही सांगू नकोस. रविवारी मीच डबा घेऊन वर येते, समोर बसवून जेवू घालते. दुसऱ्या पोरीच्या लग्नाची तारीख आता त्यांनीच काढायची.

रुसवा सोडून दिलाय, लोभ साठवून ठेवावा.

तुझी,
धाकटी