पुस्तक मिटून सांगणे

धाकटीच्या आईस,

देवकृपेने बरा आहे. इस्त्रीयंत्रापाशी उभं राहून पाय सुजतात, पण बसलं की सूज उतरते.

धाकटी सराव परीक्षेत विज्ञानात नापास झाल्याचं वाचून कामात लक्ष लागेना. दिवसभर वाचत असते म्हणतेस. मीही दहावीला नुसतं वाचतच राहिलो आणि आपटलो. इथले यंत्राचे नियम मात्र कागद खिशात घालून सोबत्याला सांगितले, तेव्हा कुठे पाठ झाले.

तिलाही रोज एक धडा पुस्तक मिटून तुला सांगू दे. अडेल तेवढंच पुन्हा वाचू दे. दोन दिवसांनी तोच धडा परत विचार.

"मी चौथी शिकलेली, मला काय कळणार?" म्हणशील. अगं, म्हणूनच तर! तुला कळलं, की तिला आलं समज.

तुझा खोकला थांबला का?

दोघींसाठी रोज हात जोडणारा,
तिचे बाबा