माहेरचा पाट

२६ जुलै

मुंबईहून सर्वेशचा फोन. गुरुदासचा मुलगा, माझा भाचा. "आत्या, यंदा गावचा गणपती नको. बाबाच राहिले नाहीत. आणि खरं सांगू, पुढेही मला जमेलसं वाटत नाही." बरं रे, म्हटलं. तोवर इकडे भात करपला.

भाऊ जूनमध्ये गेला. आता त्याच्यामागून गणपतीही चालला.

२७ जुलै

मन थाऱ्यावर नाही. चहात मीठ घातलं. पूजाने घोटभर घेतला, तोंड वाकडं केलं, गुपचूप ओतून टाकला. सून गुणाची आहे.

२९ जुलै, नागपंचमी

मुलाने आमच्या घरचा पाट सकाळी गणपतीच्या शाळेत, मूर्तिकार भाईकडे, नेऊन दिला. पाटावर एकदा माती चढली की गणपती यायचाच, मग माघार नाही.

तेव्हाच डोक्यात आलं — माहेरचा पाट मीच नेऊन दिला तर? सर्वेश काय करील! घराची किल्ली माझ्याकडेच आहे. गुरुदासने ती कधी दुसऱ्याकडे ठेवली नाही.

३० जुलै

एस.टी.ने गेले. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडलं. देवघर बघितलं, माळा बघितला, चुलीमागे बघितलं. पाट नाही! बाबांनी आमच्या परसातल्या फणसाचा केलेला पाट — जाईल कुठे?

शेजारचा हरिश्चंद्र कुंपणाशी उभा होता. "गुरुदासान मे महिन्यात रिक्षात घालून खंय तरी धाडल्यान. माका काय सांगूक नाय." आणि वर — "पण राधाबाय, तुका कित्याक व्हयो? तुझा गोत्र बदलला. तू आता थंयची."

मी म्हटलं, "तू घरजावई. तू तरी खंयचो रे?"

हसला मेला. मीही हसले. पण बसमध्ये ते शब्द टोचत राहिले. तू आता थंयची.

३१ जुलै

शाळेत गेले. भाई सोंडेला पाणी लावत बसला होता. पडवी भरून बिनडोळ्यांचे गणपती, कडेला उंदरांची रांग. विचारलं, "गुरुदासचो पाट इलो?"

"नाय गो राधाबाय. गुरुदासच गेलो, पाट कोण आणतलो?"

२ ऑगस्ट

सर्वेशला विचारलं. "बाबांनी पाण्यात सोडला असेल, आत्या. मे महिन्यातच त्यांना आजाराचं कळलं होतं. सोड ना आता विषय."

सोडला असेल! आणि बहिणीला एक शब्द नाही?

९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. बायका किनाऱ्यावर नारळ घेऊन गेल्या, मी नाही गेले. एवढ्या वर्षांत हाताला राखी बांधायची सवय झालेली. हात रिकामा बरा वाटत नाही.

सासरी आले त्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं — राधा. मग ते तांदूळ सारखे केले. माहेरची शेवंती त्याच ताटात राहिली. आईबाबा होते तोवर नाव होतं. मग एकटा गुरुदास. केसांचं पार चांदणं झालं तरी, मी माहेरी गेले की खळ्यातूनच ओरडायचा, "शेवंते, चाय टाक गो!" सासरी मात्र उंबऱ्याबाहेरच उभं राहायचं त्या नावाने. पूजाला ते ठाऊकही नाही. कोणी विचारलंच नाही, मीही सांगितलं नाही.

आता जगात शेवंती म्हणणारं कोणी उरलं नाही. मग शेवंती आहे का?

अक्षर फार वाकडं येतंय. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलेलं अक्षर, राहू दे.

१५ ऑगस्ट

भावावर रागावलेय. मेलेल्या माणसावर रागवायची सोयच नाही — उलट बोलत नाही! जाताना माझं माहेर बांधून पाण्यात टाकून गेला. निदान सांगून तरी टाकायचं होतंस, मी काठावर उभी राहिले असते.

२० ऑगस्ट

किल्ली पाकिटात घातली. सर्वेशला पाठवून मोकळं व्हायचं. वर पत्ताही लिहिला.

२३ ऑगस्ट

पाकीट अजून फळीवरच.

२६ ऑगस्ट

उद्या चतुर्थी. भांडी घासत होते. पूजा फोन ठेवून आली नि हसत म्हणाली, "आये, भाई पार वैतागलो हा. सगळे गणपती घरोघर गेले, एकच उरलो. मे महिन्यात कोण रिक्षावालो पाट ठेवन गेलो, 'शेवंतीचो' म्हणान. त्येंनी मूर्ती केली, रंगवली, आता न्हेवक कोण येणा नाय. 'कोण ती शेवंती' म्हणान गावभर विचारतत. मी सांगलंय, आमच्यात कोण नाय."

हात तसेच साबणाचे. पाकीट फाडलं. किल्ली कमरेला लावली.

"आये, खंय चाललात?"

"माझो गणपती आणूक."