न आलेल्या माणसांची नोंद

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, पूर्ण शुद्धीवर आहे, स्मरण शाबूत आहे आणि हे लिहायला मला कोणी भरीला घातलेले नाही.

१. राहत्या दोन खोल्या ह्यांच्या हयातीत ह्यांच्याकडे राहतील, नंतर माझ्या भाचीकडे जातील. ह्यांना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, असे वकीलबाईंनी समजावले, तेव्हापासून हे रुसून बसले आहेत. बँकेतली ठेव भाचीला. तिने ती प्रवासात उडवावी.

२. संधिवाताची रुग्णनोंदणी माझ्या मालकीची नाही, त्यामुळे ती कोणाला देता येत नाही. मी ती सव्वीस वर्षे सांभाळली. दरवर्षी त्याच माणसांना तेच वीस प्रश्न विचारायचे, एवढेच काम. पाचव्या वर्षापर्यंत एकशे बारा जण यायचे बंद झाले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, त्यांची नावे गाळा. मी म्हटले, "साहेब, ते खचले की बरे झाले, हे विचारल्याशिवाय कसं गाळायचं?" पुढची दोन वर्षे माझे रविवार पत्ते शोधण्यात गेले. काहींना जिना उतरवत नव्हता; त्यांतल्या चौदा जणांना पुन्हा उपचारांना आणले. एकेचाळीस जण मात्र ठणठणीत निघाले. त्यांचे कागद लावून पाहिले, तर बहुतेकांना दुखणे सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत औषध मिळाले होते. नुसते येणारेच मोजले असते तर हे कळलेच नसते. मोठ्या डॉक्टरांनी हे परिषदेत मांडले. माझे नाव तेवढे राहून गेले. मी त्यांना निम्मे माफ केले आहे. त्यांची छत्री माझ्या कपाटात आहे, ती परत करावी.

३. हाताची पकड मोजायचे यंत्र मी स्वतः घेतलेले आहे. ते आता नोंदणी पाहणाऱ्या सिस्टरांना द्यावे. रबरी फुगा दर दोन वर्षांनी बदलावा.

४. त्या एकेचाळिसांत एक घड्याळे दुरुस्त करणारे होते. दार उघडून म्हणाले, "बरा झालो म्हणून आलो नाही. चुकलं का?" दुसऱ्या वर्षी त्यांनी चहा केला, चौथ्या वर्षी लग्नाचे विचारले. घरच्या माणसाने फॉर्म भरायचा नसतो, म्हणून तेव्हापासून ह्यांचा फॉर्म दुसरे कोणीतरी भरते. आता ह्यांची बोटे पुन्हा कुरकुरतात, तरी हे प्रत्येक प्रश्नाला "काही त्रास नाही" म्हणतात. मी मागे उभी राहून मान हलवते, आणि सिस्टर खरे ते लिहितात. माझ्यामागे सिस्टरांनी हा फॉर्म फोनवर भरू नये, घरी यावे. ह्यांना शर्टाची बटणे लावायला सांगावीत, आणि शेवटचे लागेपर्यंत मदत करू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोघांच्या देखत सही केली.

सही: निवृत्त परिचारिका
साक्षीदार: तळमजल्यावरच्या शिंपीणबाई, समोरचे छापखानेवाले
ठिकाण: घराची पुढची खोली
दिनांक: नऊ सप्टेंबर, मंगळवार