कोणी वापरत नाही अशी सिस्टीम

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. खरंच घातला असता, पण फरशीभर तारा पसरल्या आहेत. इकडे सगळं ठीक. तुझी खुर्ची मांजरीनं बळकावली आहे. आई बरी आहे.

तुझ्या एडिटरच्या, त्या टायपिंगच्या प्रोग्रामच्या, नव्या आवृत्तीची घोषणा वाचली. 'जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीचा कोड काढून टाकला आहे. ती आता कोणी वापरत नाही.' उचलली जीभ लावली टाळ्याला! आपल्याच घरात, खिडकीजवळ, त्याच सिस्टीमचं जुनं यंत्र सुरू आहे. आई वापरते.

म्हणशील, मग जुनी आवृत्ती वापरा. तीच वापरत होतो, पण फाईल लांबली की ती अडकते. ती चूक तू नव्या आवृत्तीत दुरुस्त केलीस आणि नवी या यंत्रावर बसत नाही. म्हणून मीच सोर्स कोड उतरवून घेतला आणि पदर खोचला.

कोडमधून चालता प्रोग्राम बांधणारी तुझी स्क्रिप्ट आधी सिस्टीमचं नाव विचारते. नाव यादीत नसलं की दार बंद. मी ते काढलं. आता ती एकेक काम करून बघते: कळ दाबल्याचं लगेच कळतं का, एकाच वेळी दोन ठिकाणांहून लिहिलं जाऊ नये म्हणून फाईलला कुलूप लागतं का. जिथे जमत नाही तिथे माझा पर्यायी कोड. हे यंत्र तर असं बिलंदर, की 'कुलूप लागलं' म्हणायचं आणि लागलेलं नसायचं! म्हणून आता कुलूप लावून वर ओढूनही बघते. नाकी नऊ आले, पण एडिटर बांधून झाला. तुझ्या लाडक्या नव्या सिस्टीमवर आणि शेजारच्या फोटोवाल्याच्या संगणकावरही चालवला, कुठे काही मोडलं नाही. पुढे हे सांभाळणार कोण, असं विचारू नकोस. मी सांभाळीन, दर आवृत्तीला.

एका बाईच्या टायपिंगच्या हौशीपायी एवढा खटाटोप? नवा संगणक आणला होता रे. त्याच्या कळांची मांडणी वेगळी; त्यावर ती अक्षरं शोधत बसते, तोवर समोरचा उठून जातो.

समोरचा म्हणजे मी, दूधवाला, डॉक्टर. आता लिहितेच. उन्हाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, दादा, तो परत यायचा नाही. ती टाइप करते, आम्ही पडद्यावर वाचतो. 'त्याला कळवू नकोस, नवी नोकरी सोडून धावत येईल,' अशी तिनं मला शपथ घातली होती. ती आज मोडते आहे, तिला सांगून. तिनं 'आगाऊ' एवढंच टाइप केलं, पण अडवलं नाही.

घर सोडताना झालेल्या भांडणानंतर तू एकदाच फोन केलास. तिनं उचलला. तू 'आई, बोल ना' म्हणत राहिलास, मग 'एवढा राग?' म्हणून ठेवून दिलास. मी बाजारातून आले तेव्हा ती रिसीव्हर कानाला लावून तशीच बसली होती. तू काय म्हणालास ते तिनं मग टाइप करून सांगितलं. राग नव्हता रे. मला त्या दिवशी तुझा फार संताप आला आणि तितकीच तुझी कीवही आली.

माझे बदल सोबत जोडले आहेत. चुका काढ, कान उपट, पण ते वाक्य घोषणेतून खोड. आणि रविवारी फोन कर. मी तिच्या कानाशी धरीन, तू बोल. मध्ये कळांचा खडखडाट ऐकू येईल. ती बोलत असेल. तो थांबेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

तुझ्याहून काकणभर हट्टी,
धाकटी