यंत्रमीमांसा आणि शनिवारचं दळण

देऊळगाव राजा, १२ जानेवारी १९३६, रविवार

भगवानरावांची पिठाची गिरणी आजपासून सुरू झाली. आमच्यापासून चार घरं पलीकडे. ऑइल इंजिन आहे. धुराच्या नळकांड्यावर डबडं पालथं घातलंय, त्यामुळे टुक् टुक् टुक् असा आवाज थेट डोक्यात शिरतो. दुपारची झोप गेली. दोन ते चार नुसता कूस बदलत होतो. साडेतीनच्या सुमारास एकदम विचार आला, की यंत्र ही मानवजातीला लागलेली कीड आहे.

या विचाराचा झोपेशी संबंध नाही. तो स्वतंत्रपणे आला.

१३ जानेवारी

ग्रंथ लिहायचं ठरवलं. नाव 'यंत्रमीमांसा'. खंड दोन. पहिला यंत्राचं स्वरूप, दुसरा यंत्राचं मूल्य. प्रकरणं अठरा. गीतेलाही अठराच अध्याय आहेत, पण तो योगायोग. शाळा सांभाळून रोज दोन पानं लिहिली तरी मृगाच्या आत ग्रंथ छापखान्यात जातो. छापखाना हेसुद्धा यंत्रच, असं कोणी खवचट म्हणेल. त्याला तळटीप देऊ.

आज अनुक्रमणिका सुरेख अक्षरात लिहून काढली. थकलो.

१५ जानेवारी

सौ.ला सांगितलं, की आपल्या घरचं दळण गिरणीत जाणार नाही. (सौ. म्हणजे सत्यभामा. इथं कोणी वाचत नाही, तेव्हा नाव लिहायला हरकत नाही.) ती भाकरी थापत होती. म्हणाली, "काऊन?" म्हटलं, तत्त्व आहे. म्हणाली, "दिवाळीपासून खांदा दुखून राह्यला. हात वर होत नाही. पहाटे चारले उठून दळते मी, तत्त्व नाही दळत." म्हटलं, म्हणूनच तर. श्रम बंद पडले की शरीर गंजतं. तिनं पुढची भाकरी जरा जोरात थापली.

१६ जानेवारी

व्याख्या जमली. 'जे माणसाचे श्रम वापरते ते अवजार. जे माणसाचे श्रम चोरते ते यंत्र.' इतकी सुटसुटीत व्याख्या जर्मनीतसुद्धा कोणाला साधली नसेल. संध्याकाळी सौ.ला वाचून दाखवली. तिनं विचारलं, "जातं काय झाडाले लागते?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "दळते मी आणि खाता तुम्ही. तुमच्या हाताले काहीच काम नाही. मंग तुमच्या हिशोबानं तुमचं यंत्र मीच झाली की."

विनोद बरा होता. सातव्या प्रकरणात घेता येईल. अर्थात माझ्या नावावर.

१९ जानेवारी, रविवार

सौ.चा खांदा पार धरला. तेव्हा प्रयोग म्हणून स्वतःच दळायला बसायचं ठरवलं. जो विचारवंत जात्याला हात लावत नाही, त्यानं जात्याबद्दल बोलू नये. बेत पहाटे पाचचा होता. साडेसातला बसलो.

सतरा फेरे झाले. दाण्यांचा घास जास्त पडला की खुंटा हलत नाही, कमी पडला की दगडावर दगड घासतो. पीठ एक मूठ निघालं, त्यात निम्म्या कण्या. तळहाताला फोड आला. शेजारच्या मनकर्णाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. तोंडाला पदर लावला होता. आदर वाटला असावा.

निष्कर्ष : विचारवंताचा हात लेखणीसाठी असतो. फोडामुळे आज लेखन नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

पहिलं व्याख्यान! सार्वजनिक वाचनालयात. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपार मोकळी. व्यवस्था सुधाकरनं केली. सुधाकर पोस्टात आहे, वाचनालयाचा सेक्रेटरी आहे आणि माझा मित्र आहे. तिन्ही कामं तो सारख्याच झोपेत करतो.

श्रोते सत्तावीस. पुढेच बसलेल्या कडूबानं मध्येच विचारलं, "मोट यंत्र हाये का, मास्तर?" म्हटलं, नाही. "सायकल?" हो. "आन् तुमचा चष्मा?" म्हटलं, चष्मा हा डोळ्याचाच विस्तार आहे. तेव्हा मागून इंद्रभान, म्हणजे मनकर्णाबाईंचा नवरा, म्हणाला, "मंग गिरणी बाईच्या हाताचा विस्तार काऊन नाही?" मी म्हटलं, प्रश्न शेवटी घेऊ. शेवट मग थोडा घाईतच केला.

सर्वांकडून प्रतिज्ञा घेतली : 'बालाजीला स्मरून, गिरणीचे पीठ मी जाणूनबुजून खाणार नाही.' जाणूनबुजून हा शब्द मी खास घातला, कारण जालन्याला गेलं की हॉटेलात जेवावं लागतं. सत्तावीस सह्या झाल्या. इंद्रभाननं पेन कसं चालतं ते पाहायला म्हणून केली, पण सही ती सही.

४ फेब्रुवारी

रस्त्यानं निघालो की आडावरच्या बायकांचं बोलणं बंद पडतं. विचारांचा दरारा. घरी दोन दिवस भाजीत मीठ नाही. खोलात गेलो नाही.

६ फेब्रुवारी

अघटित घडलं. मनकर्णाबाई पाच-सहा जणींना घेऊन घरी आल्या. सौ.बरोबर आत बराच वेळ कुजबुज चालली. मग मनकर्णाबाई दाराआडून म्हणाल्या, "मास्तर, एका व्याख्यानानं काय होते? दर शनिवारी ठेवा. दोन ते पाच. माणसं आम्ही धाडतो."

डोळे भरून आले. स्त्रियांना तत्त्वज्ञान कळतं, फक्त जरा उशिरा कळतं. सौ.सुद्धा मान हलवत होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

श्रोते बावन्न! बायका आपापल्या नवऱ्यांना वाचनालयाच्या पायरीपर्यंत पोचवून गेल्या. भगवानरावांनी बसायला दोन बाकं आणि पाण्याचा रांजण पाठवला. प्रत्यक्ष शत्रूचं हृदयपरिवर्तन. त्यांची गिरणी मात्र तीन तास अखंड चालू होती. एक गिऱ्हाईक नसताना इंजिन चालवत बसायचं म्हणजे माणूस खचला असला पाहिजे. मला कीव आली. भाषणात तसं बोललो, तर लोक पोट धरून हसले. वक्तृत्व वाढत आहे.

१५ फेब्रुवारी

श्रोते एकाहत्तर. दोघे थेट दुसरबीडहून आलेले.

सौ. हल्ली पहाटे दळत नाही. म्हणाली, शनिवारी तुम्ही घरी नसता तेव्हा आठवड्याचं एकदमच उरकते, म्हणजे तुमची झोप मोडत नाही. किती विचार करते! आणि पीठ काय सुरेख! हात लावला तर लोण्यासारखं. असं बारीक पीठ काढणं यंत्राच्या बापाला जमणार नाही. खांदाही सुधारला. परवा फळीवरचा डबा तिनं एका हातानं काढला. नोंद : दळणाने खांदा बरा होतो. हे प्रकरण अकरामध्ये पुरावा म्हणून घालावं.

२३ फेब्रुवारी

कालही सभा भरगच्च. आज मनकर्णाबाई विचारत होत्या, पुढच्या खेपेला सहापर्यंत बोलाल का, पाचपर्यंत पुरत नाही. म्हटलं, विषयच तसा आहे.

ग्रंथाची पानं आजवर तीन. अनुक्रमणिका धरून.

२९ फेब्रुवारी, शनिवार

सहापर्यंत बोललो. मजकूर चारलाच संपला होता. पुढचे दोन तास रामायणातलं पुष्पक विमान, गावातली सायकल आणि माझं बालपण यांवर काढले. बरेच जण झोपले होते, पण एकही उठून गेला नाही. याला निष्ठा म्हणतात. घसा बसला. सौ.नं गरम पाणी दिलं आणि 'पुढच्या शनिवारपर्यंत बरा करा बाप्पा' म्हणाली.

७ मार्च, शनिवार. संध्याकाळी

आजच्याला मजकूरच नव्हता. आधीचंच उलट्या क्रमानं सांगितलं, तरी पावणेतीनला संपलं. येथेच विराम घेतो, असं म्हटलं. टाळ्या नाहीत. कोणी उठेना. कडूबा हात जोडून म्हणाला, "मास्तर, इतक्यात नका थांबू. आमचं दळण आत्ता कुठं गेलं."

मी विचारलं, कसलं दळण? सुधाकर छताकडे पाहू लागला. शेवटी इंद्रभाननं पोराला समजावतात तसं समजावलं : "बालाजीची शपथ घेतली ना आम्ही. गिरणीवर घरची बाई डोळ्यानं पाह्यली तं शपथ मोडली. इथं बसलो तं काहीच पाह्यलं नाही. जाणूनबुजून असं तुम्हीच लिवलं." मी म्हटलं, मग माझं व्याख्यान? म्हणाला, "ते बी चांगलंच असते. दुपारची झोप होते."

सरळ गिरणीवर गेलो. रांग रस्त्यापर्यंत आलेली. सगळ्यात पुढे सत्यभामा. भुवयांवर, केसांवर पीठ. मनकर्णाबाईंना काहीतरी सांगून इतकी हसत होती, की मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. मग तिनं मला पाहिलं आणि हसू गेलं. भगवानरावांनी इंजिन बंद केलं.

मी तसाच घरी आलो. वाईट वाटलं. गिरणीचं नाही. मला पाहून तिचं हसू गेलं, त्याचं.

८ मार्च, रविवार

दिवसभर अंथरुणात. दर शनिवारी इतके श्रोते आले, ते कोणामुळे आले? कुठूनही सुरुवात केली तरी विचार गिरणीवरच जाऊन थांबतो. लॉजिक मीच शिकवतो, त्यामुळे पळवाटही सापडत नाही. सुधाकर येऊन बसला आणि पुढच्या शनिवारी माणसं मिळणार नाहीत असं सांगून गेला. आता गावात चोरून काही उरलेलं नाही, तेव्हा लपायला वाचनालय कशाला?

संध्याकाळी सौ. समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "सरळ सांगा. उद्यापासून जातं मांडू का पुन्हा?" भांडली असती तर माझ्याकडे उत्तर होतं. पण बोलताना तिचा हात आपोआप खांद्यावर गेला. म्हटलं, विचार करून सांगतो. ती बरं म्हणाली, आणि जातं पुसायला बसली.

९ मार्च, सोमवार. सकाळी आठ

झोप लागली नाही. साडेपाचला उठून बसलो. बाजूला ही झोपलेली होती. तोंड जरा उघडं, एक हात डोक्याखाली. घरात अगदी शांत होतं.

लग्नाला बावीस वर्षं झाली. हिला झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी निजतो तेव्हा हिचं काम चालू असतं, मी उठतो तेव्हा अर्धं झालेलं असतं. केसांत पांढरं किती आलंय ते आज दिसलं. मला फार लाज वाटली. तसाच बसून राहिलो.

उन्हं दारात आली तशी ती दचकून उठली. "अगं बाई! मले उठवलं काऊन नाही? दळायचं राह्यलं!" म्हणत पदर खोचायला लागली. मी म्हटलं, "झोप अजून. दळण मी नेतो गिरणीत. डोक्यावर घेऊन."

ती जवळ आली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.